खंडेनवमीचं तेल

कारखान्याचं दार ढकललं आणि तेलाचा वास नाकात गेला. माझं डोकं तिथंच फिरलं. अजून आप्पा दिसले नव्हते, दादा 'आलीस का' म्हणाला नव्हता, पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. यंत्राचं तेल, रॉकेल आणि झेंडू यांचा मिळून जो वास होतो तो आमच्या सांगलीजवळच्या माधवनगरात खंडेनवमीलाच येतो. असल्या वासानं म्हणे लोकांना बालपण आठवतं, गलबलून येतं. मला भांडायची सुरसुरी येते.

यंदा मी भांडायलाच आले होते. पुण्याहून, रजा टाकून, मुद्दाम. दादानं आमचे यंत्रमाग विकलेत. का विकले, कुणी ठरवलं, हे सगळं फोनवर झालं आणि मी त्यात पडले नाही. दसरा झाला की ट्रक येणार, माग खोलून भंगारात जाणार आणि आमच्या घराला चिकटलेला हा लांबुळका पत्र्याचा कारखाना मोकळा होणार. म्हणजे ही इथली शेवटची पूजा. आणि त्याआधी मला आप्पांकडून, म्हणजे माझ्या बापाकडून, एक वाक्य पाहिजे होतं. 'मी केलं ते.' बस्स. त्यापुढं 'चुकलं' म्हणाले असते तर तेही घेतलं असतं, पण 'मी केलं' एवढं त्यांनी जिथं केलं त्याच जागी उभं राहून म्हणावं, अशी माझी कित्येक वर्षांची इच्छा आहे. इच्छा कसली, हट्ट आहे. आमच्या घरात तो सगळ्यांच्यात आहे.

मी कॉम्प्युटरच्या धंद्यात आहे. आमची कंपनी लोकांचा डेटा सांभाळते. एक प्रत इथं, एक तिथं, एक आणखी कुठंतरी लांब. कुणाचं काही पुसलं गेलं की आम्ही ते परत आणून देतो. माझ्या नोकरीचा आणि पुढं सांगणार आहे त्या प्रकाराचा संबंध लावायची ज्यांना हौस आहे त्यांनी तो खुशाल लावावा, फक्त माझ्यासमोर लावू नये.

मध्यंतरी आमच्या टीमला नवा मॅनेजर आला. पहिल्याच मीटिंगला म्हणाला, सगळ्यांनी आपापला छंद सांगा. मला ही असली मीटिंग म्हणजे डोक्याला ताप. एकानं सांगितलं, तो जुन्या पद्धतीचे, टकाटक वाजणारे महागडे कीबोर्ड जमवतो. दुसरा नव्या कोऱ्या मशीनवर लहानपणचे गेम खेळतो आणि वर असं काही लावतो की स्क्रीन जुन्या मॉनिटरसारखा धुरकट दिसावा. त्या जुन्या मॉनिटरनं माझे डोळे घालवले, आणि हा बाबा तो धुरकटपणा हौसेनं लावून बसतो. सगळे 'ओह, काय दिवस होते' करत होते. काय दिवस होते? एक फाइल उघडेपर्यंत चहा करून प्यायचो आपण. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मी गेम लिहायचे. खेळायचे नाही, लिहायचे. आणि एका खंडेनवमीला माझ्या वडिलांनी हार्डडिस्क खोलून तिला तेल दिलं, त्यात माझा गेम गेला.

सगळे हसले. मॅनेजर तर डोळे पुसत म्हणाला, "वा! काय स्टोरी आहे! आत्ता रचलीस का?"

मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पुढच्या माणसाला बोलायला सांगितलं. पण विश्वास न ठेवणारा तो काही पहिला नव्हता.

मागांच्या आवाजात वाढलेली माणसं मोठ्यानं बोलतात. आमच्या घरात कुणीच हळू बोलत नसे. प्रेमसुद्धा ओरडूनच करायचे, त्यामुळं भांडण कुठलं आणि विचारपूस कुठली ते पाहुण्यांना कळत नसे. भिंतीपलीकडं दिवसभर खटखट खटखट, आणि त्या तालावर मांडणीतली पितळी भांडी बारीक किणकिणायची. वीज गेली की सगळे माग एकदम थांबायचे. तेव्हा जी शांतता पडायची ती कानाला टोचायची. जो तो बोलता बोलता थांबायचा आणि आई कुणालातरी सांगितल्यासारखं म्हणायची, "गेली." सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास गादीला, वह्यांना, वरणाला. कापसाचे तंतू केसांत, पापण्यांवर, चहाच्या सायीवर. शाळेत पोरी मला म्हातारी म्हणायच्या. मी एकीचं नाक फोडलं होतं त्यावरनं.

त्या घरात कॉम्प्युटर आला. सांगलीतला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला होता, तिथला जुना. आप्पांनी तो टेम्पोतनं वाकळेत गुंडाळून आणला, एखादा पेशंट आणावा तसा. आईनं दारात त्याच्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. ठेवायला जागा नव्हती, म्हणून मागांच्या भिंतीला लागून जी खोली होती, जिथं सुताचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ ठेवत, तिथं त्याची स्थापना झाली. माग चालू असले की स्क्रीनवरची अक्षरं थरथरायची. मी त्या थरथरीतच टाइप करायला शिकले. पुढं पुण्यात पहिल्या नोकरीत स्थिर अक्षरं बघून मला काही दिवस मळमळलं होतं.

कॉम्प्युटरच्या डब्यात एक पंखा होता. तो हवा ओढायचा आणि हवेबरोबर कापूस. दर थोड्या दिवसांनी डबा उघडला की आत राखाडी नमद्यासारखा जाड थर. तो काढणं हे आप्पांचं आवडतं काम. आप्पा मूळचे गिरणीतले जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. पुढं स्वतःचे माग टाकले. माझ्या कॉम्प्युटरमधलं त्यांना तेवढंच समजायचं. डबा उघडून ते त्यात बोट घालायचे, कापूस ओढून काढायचे आणि म्हणायचे, "बघ, गुदमरली व्हती." मशीन म्हणजे बाईच. हार्डडिस्क चालली की कुरकुर असा आवाज यायचा, ज्वारी चाळल्यासारखा. आप्पा डब्याला कान लावून तो आवाज ऐकायचे आणि भुवया आक्रसायचे. मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता.

डिप्लोमाला मी सातारला गेले. एसटी इस्लामपूर, कराड करत जायची. हंगाम असला की साखर कारखान्यांच्या मळीचा वास खिडकीतनं आत यायचा आणि पार हॉस्टेलच्या खोलीपर्यंत कपड्यांत बसून यायचा. कॉलेजची लॅब म्हणजे एक देऊळ. चपला बाहेर, जाड पडदे, आत थंडगार एसी. आम्ही पोरी हॉस्टेलच्या पत्र्याखाली उकडून निघायचो आणि कॉम्प्युटरांना मात्र गारवा. दारावर पाटी, 'गेम खेळताना आढळल्यास कारवाई करण्यात येईल.' आम्ही लॅबच्या सरांना म्हटलं, सर, आम्हाला खेळायचा नाही, बनवायचा आहे. त्यांनी चष्म्यावरनं बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे तेच." हा माणूस पुढं बरीच वर्षं कॉम्प्युटर शिकवत होता म्हणे. देवाला काळजी.

आम्ही म्हणजे मी आणि वैजू. वैजू लोणंदची. तिच्या वडिलांची मार्केटमध्ये कांद्याची आडत होती आणि तिच्या ट्रंकेला, स्वेटरला, पुस्तकांना कांद्याच्या सालीचा कोरडा वास यायचा. ती चित्रं काढायची. आलेखाच्या कागदावर, एक चौकोन म्हणजे स्क्रीनवरचा एक ठिपका, असं रंगवत बसायची स्केचपेननं. एका मांजरासाठी तिनं अख्खी थंडी घालवली. सातारची थंडी, हॉस्टेलमागच्या पाण्याच्या टाकीचा कट्टा, समोर अजिंक्यतारा, कंदी पेढ्यांचा रिकामा पुडा आणि ती मान खाली घालून चौकोन भरतेय. मी शेजारी बसून वहीत प्रोग्रॅम लिहायचे, आणि सुट्टीत माधवनगरला गेले की आमच्या थरथरत्या मशीनवर उतरवायचे.

आमच्या गेमचं नाव होतं 'धोटा'. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडं पळतो तो धोटा. वैजूनं त्याला डोळे काढले होते. तो डावीकडनं उजवीकडं पळायचा, मागं सूत सोडायचा, कापड वाढत जायचं. सुताच्या कांड्यांची पाटी घेतलेली एक बाई होती. सूत गुंतवणारं ते मांजर होतं. आवाज म्हणून मी मशीनच्या आतल्या पिपाणीतनं आमच्या कारखान्याची खटखट काढली होती. आपलं घर गेममध्ये येऊ शकतं हे तोवर आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तोवर गेम म्हणजे परदेशी पोरं, बंदुका आणि किल्ले.

दिवाळीच्या आधी कॉलेजात प्रदर्शन होतं. वैजूचे वडील आणि चुलते लोणंदहून ते बघायला येणार होते. पोरगी तिकडं नक्की काय करते ते डोळ्यांनी बघू, मग पुढचं ठरवू, असं त्यांनी कळवलं होतं. 'पुढचं' म्हणजे कॉलेज की लग्न, ते आम्हा दोघींना माहीत होतं. वैजू म्हणाली, "दसऱ्याच्या सुट्टीत पुरा कर गं. माझं समदं त्येच्यावर हाय."

मी पुरा केला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालत होता. कापसानं आमचा फ्लॉपीचा ड्राइव्ह कधीच जाम झाला होता, त्यामुळं प्रत एकच, त्या डब्यातली. दसरा झाला की डबा उचलून सांगलीला एका दुकानात न्यायचा आणि तिथं फ्लॉपीवर उतरवून घ्यायचं असं ठरलं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. शेतकऱ्याचं खुरपं, शिंप्याचं मशीन, फौजेतल्या माणसाची बंदूक तिकडं पलटणीत. मागवाल्यांची तर ती दिवाळीच. दोन दिवस आधी माग बंद करायचे, रॉकेलनं धुवायचे, पुसायचे, प्रत्येक सांध्याला बुधलीतनं तेल सोडायचं. मग हळदीकुंकू, झेंडूच्या माळा, मागाच्या दोन बाजूंना उसाची कांडकी, लिंबू. दुपारी बोकडाचं जेवण. आणि मुख्य म्हणजे एकदा पूजा झाली की हत्याराला हात लावायचा नाही. ते विश्रांती घेतं. दसऱ्याला नारळ फोडूनच ते पुन्हा चालू करायचं.

त्या दिवशी सकाळी आई आणि मी सांगलीला फुलांना गेलो. दादा त्याच साली फौजेत भरती झाला होता, तो नव्हता. कामगारांना सुट्टी. घरात एकटे आप्पा.

आम्ही आलो तर बीमच्या खोलीत जमिनीवर पोतं पसरलेलं. त्यावर माझा कॉम्प्युटर सुट्या भागांत मांडलेला, ओळीनं, बाजारात भाजी मांडावी तसा. मधोमध हार्डडिस्क, तिचं झाकण काढलेलं. त्या झाकणाला चांदणीच्या आकाराचे बारीक स्क्रू असतात, ते कुठल्याच साध्या हत्यारानं निघत नाहीत. आप्पांनी त्यासाठी एक खिळा कानशीनं घासून चांदणीचं टोक बनवलं होतं. सकाळभर त्यांनी हेच केलं होतं. आतली चकती आरशासारखी चकाकत होती. त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक ओघळ आणि ते मन लावून मऊ मलमलीनं तो पसरवत होते.

"लय कुरकुरत व्हती," ते मला म्हणाले. चेहरा उजळलेला. "आतनं पार कोरडी ठाक. कवाच तेल बघितलं न्हाई तिनं. आता बघ कशी फिरतीय लोण्यावानी."

मी त्या चकतीत वाकून बघितलं तर माझंच तोंड दिसलं. आई माझ्या दंडाला धरून उभी होती, तिला तेव्हा काहीच कळलं नव्हतं. मी काय बोलले ते मला आठवत नाही. आप्पांनी झाकण लावलं, सगळे भाग जोडले, डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, माळ घातली, उदबत्ती ओवाळली. आणि मग हत्याराला हात लावायचा नाही.

खरं तर मला तेव्हाच माहीत होतं की सगळं संपलं. तरी त्या पूजेनं मला दसऱ्यापर्यंत लटकवत ठेवलं. कुंकू लावलेल्या डब्यासमोर मी बसून होते. आतून मटणाचा वास, दारात पाहुणे, आप्पा सगळ्यांना खोलीत आणून दाखवतायत, "पोरीचं बी हत्यार पुजलंय." दसऱ्याला त्यांनी नारळ फोडला आणि मोठ्या ऐटीत बटण दाबलं. आतून टिक, टिक, टिक असा आवाज आला. स्क्रीन काळा. पुन्हा दाबलं. टिक, टिक. मी भिंतीला टेकून ऐकत होते. आप्पा कान लावून म्हणाले, "तेल मुरंपतूर आसंच करतंय."

आजही कुणाची खराब झालेली डिस्क आमच्याकडं येते आणि तो टिकटिक आवाज येतो तेव्हा मला हे वाक्य ऐकू येतं. मग मी दिवसभर कुणाशी धड बोलत नाही.

सातारला गेल्यावर वैजूला सांगितलं. त्याच कट्ट्यावर. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हार्डडिस्कला तेल? कोन घालतंय गं? खेळ झाला नसंल तर सरळ सांगायचं व्हतं. बापाचं नाव कशाला घेतीस?"

मी शपथा घेतल्या. जितक्या घेतल्या तितकं ते खोटं वाटायला लागलं. माझं मलाच ऐकताना वाटलं, ही पोरगी थापा मारतेय. प्रदर्शनात वैजूनं नुसते आलेखाचे कागद भिंतीला लावले. तिच्या वडिलांनी त्या मांजराकडं बघितलं, चुलत्यांकडं बघितलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले. दिवाळीनंतर ती परत आली नाही. तिची ट्रंक न्यायला तिचा भाऊ आला. खोलीत बरेच दिवस कांद्याच्या सालीचा वास होता आणि मला तो वास सहन व्हायचा नाही, म्हणून थंडीतसुद्धा खिडकी उघडी ठेवायचे.

मग मी कधी गेम लिहिला नाही. लिहून बघितला, झाला नाही, असं काही नाही. लिहायचाच नाही असं ठरवलं आणि ते पाळलं. आप्पांनी त्या तेलाचा विषय कधी काढला नाही. त्यांनी तो काढावा म्हणून मी थांबले आणि त्या थांबण्यात माझं लग्न झालं, पोरं मोठी झाली, आई गेली. ती होती तोवर हे घडलं होतं हे जाणणारं आणखी एक माणूस जगात होतं. आता फक्त आप्पा. त्यांनी 'मी केलं' म्हटलं तरच ते झालेलं, नाहीतर मी रचलेली स्टोरी.

तर मी कारखान्यात उभी होते. माग पुसून तेल देऊन लखलखत होते, उद्या-परवा भंगारात जायचे तरी. आप्पा शेवटच्या मागापाशी बुधली घेऊन वाकले होते. मला बघून सरळ झाले.

"आलीस व्हय? तुझं हत्यार कुटाय?"

"कसलं हत्यार?"

"लॅपटाप गं. आन हिकडं. समद्यांची मांडल्यात." एका पाटावर वहिनीची सुरी-कात्री, दादाचा कमरपट्टा आणि आप्पांचे पाने, पकडी असं सगळं मांडलं होतं.

"न्हाई," मी म्हटलं. भांडताना माझी भाषा आपोआप माधवनगरची होते.

"आगं, शेवटची पूजा हाय."

"म्हणूनच न्हाई. तुमच्या हाताला म्या काय बी देनार न्हाई."

दादा फौजेतनं निवृत्त होऊन आलाय. त्याला घरात कुणी आवाज चढवलेला खपत नाही. "देऊन टाक की," तो म्हणाला. "दो मिनिट का काम है. कुंकूच लावत्यात, गोळी घालत न्हाईत."

"तू मधी पडू नगंस."

लॅपटॉपची बॅग मी खांद्यावरनं काढलीच नाही. आरती झाली तीही बॅग अडकवून. वहिनीनं हळदीकुंकवाची करंडी माझ्यासमोर धरली आणि माझं तोंड बघून पुढं नेली. पूजा झाल्यावर दादा आणि वहिनी जेवणाचं बघायला आत गेले. आप्पा एका रिकाम्या बीमवर बसले. मी समोर बसले. बीमच्या खोलीचं दार तिथनं दिसत होतं.

"आप्पा, दादा भरती झाला त्या सालची खंडेनवमी आठवतीय?"

"न आठवाय काय झालं?" त्यांचा चेहरा खुलला. "त्या साली मिरजंच्या बाजारातनं बोकड आनलं, ते टेम्पोतनं उडी मारून पळालं. तुकाराम जॉबरच्या बायकोला पोरगी झाली. तीन नंबरच्या मागाचा पट्टा तुटला, कोल्हापूरला मानूस धाडला. पूजंला झेंडू कमी पडला म्हनून तू आन् तुझी आई सांगलीला गेला."

"आन् आमी गेल्यावर तुमी काय केलं?"

"काय केलं?" ते आठवू लागले. "केलं असंल काय तरी. मागाचंच."

"माझ्या काम्प्युटरची हार्डडिस्क खोलली. खिळा घासून. आन् तिला तेल घातलं."

मग मी सगळं सांगितलं, पोतं, मलमल, स्वस्तिक, टिकटिक, वैजू, कागद, सगळं. त्यांनी पुढं वाकून, कानाशी हात धरून ऐकलं, गावातली कुणाची तरी कोर्टाची भानगड ऐकावी तसं. आणि शेवटी त्यांना हसू आलं. मनापासून, खोटं नाही.

"आगं, हार्डडिस्कला कोन तेल घालतंय व्हय? येडं का खुळं?"

"तुमी!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की आतनं दादा दारात येऊन उभा राहिला. "तुमी घातलं! माझं वाटोळं केलं, त्या पोरीचं वाटोळं केलं, आन् वर इचारता कोन घालतंय?"

आप्पांचं हसू विरलं. त्यांनी दादाला हातानं आत जा म्हणून खुणावलं. थोडा वेळ ते आठवायचा प्रयत्न करत होते, ते मला दिसत होतं. हनुवटी खाजवली, मागांकडं बघितलं, बीमच्या खोलीकडं बघितलं. काही सापडलं नाही. बोकड सापडलं, पट्टा सापडला, तुकारामची पोरगी सापडली. मी नाही सापडले.

"बरं बाई," ते म्हणाले. "घातलं असंल. चुकलं माझं. झालं?"

पोर उंबऱ्याला ठेचकाळलं की आपण उंबऱ्याला चापट मारतो आणि पोराला म्हणतो, झालं? तसं. ज्या वाक्यासाठी मी इतकी वर्षं दात आवळून बसले होते ते त्यांनी उचलून माझ्या हातात दिलं, आणि त्यात काहीच नव्हतं. ज्यानं तेल घातलं तो माणूस तिथं नव्हताच. त्याच्या जागी एक म्हातारा होता आणि त्याला मला गप्प करून जेवायला जायचं होतं. असा राग मला आयुष्यात आला नव्हता.

"कसला खेळ व्हता त्यो?" त्यांनी विचारलं. समजूत काढायचा सूर. "सांग तरी."

"मागाचा व्हता," मी म्हटलं. "धोटा हिकडनं तिकडं पळायचा. सूत सोडायचा. कापड वाढायचं."

"व्हय?" ते पुढं सरकले. आता त्यांना खरंच ऐकायचं होतं. "आपल्या मागावानी?"

"आपल्याच मागावानी. मांजर यायचं, सूत गुतवायचं. मग आपण धोटा उडवून न्यायचा."

"आन् मग?"

"मग कापड वाढायचं."

"त्ये झालं. जिंकायचं कसं?"

मी तोंड उघडलं. मला मांजर दिसत होतं, त्याची पिवळी शेपटी, वैजूच्या बोटांना लागलेला स्केचपेनचा रंग. पिपाणीतली खटखट ऐकू येत होती. थरथरणारी अक्षरं दिसत होती. पण कापड वाढून पुढं काय व्हायचं? मांजर पळून जायचं का? वीज जायची का? ती पाटीवाली बाई काहीतरी करायची, काय करायची? आणि गेम संपायचा कसा? सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालत होता असं मी सगळ्या जगाला सांगत आले, आणि त्याचा शेवट माझ्याकडं नव्हता. मी डोळे मिटून बघितलं. काहीच नव्हतं.

आप्पा वाट बघत होते, कानाशी हात धरून.

"त्ये मला आठवत न्हाई, आप्पा."

त्यांनी मान हलवली. जिंकल्याचा भाव तोंडावर अजिबात नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"न्हाई न्हवं आठवत?" ते म्हणाले. "मग मला एकट्यालाच का धरलंयस?"

आतून वहिनीनं जेवायला हाक मारली. आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि मागांना धरत धरत आत गेले. मी त्यांच्यामागं गेले नाही. बॅग मांडीवर घेऊन मी तिथंच बसले आणि जिंकायचं कसं ते आठवत राहिले, आणि आत पानं वाढल्याचा आवाज येत होता.